हरड सरांची सावड

हरड सरांनी सुरू केलेलं वाक्य त्याच तासाला संपेल, असा काही नियम नव्हता. ते आम्हाला भूगोल शिकवायचे. "समुद्रावरून निघालेले ढग सह्याद्रीला येऊन धडकतात तेव्हा..." एवढं म्हणून ते खिडकीकडे वळायचे. खिडकीबाहेर किन्हवलीची भातशेतं, त्यापलीकडे आंब्याची झाडं, आणि अगदी मागे डोंगराची एक निळसर, पुसट रेघ. सर त्या रेघेकडे बघत उभे राहायचे. हातात खडू तसाच. वर्ग आधी कुजबुजायचा, मग गप्प व्हायचा, मग मागच्या बाकावरचे दोघं-तिघं खरोखरच झोपायचे. घंटा व्हायची. सर दचकून पुस्तक उचलायचे आणि निघून जायचे.

दोनएक दिवसांनी मी पाण्याच्या टाकीपाशी डबा धूत असलो की मागून आवाज यायचा, "...तेव्हा ते वर चढतात आणि तिथं गार होतात. कळलं का रे?"

"हो सर."

खोटं नव्हतं ते. मधले दिवस मी त्या अर्ध्यावर राहिलेल्या ढगांचाच विचार करत असायचो. शाळेतून घरी जाताना वर बघत चालायचो आणि आई म्हणायची, "खाली बघ रे, शेणात पाय घालशील."

एकदा तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले आणि सरांच्या तासाला मागच्या बाकावर बसले. सर म्हणाले, "भारताच्या तीन बाजूंना..." आणि खिडकीकडे वळले. आम्हाला सवय होती. साहेबांना नव्हती. त्यांनी घड्याळ पाहिलं, खाकरले, पुन्हा घड्याळ पाहिलं. शेवटी त्यांना राहवेना. ते उठून म्हणाले, "समुद्र आहे!"

सर वळले. साहेबांकडे कौतुकानं बघत म्हणाले, "बरोबर. बसा."

असे आमचे हरड सर. उंच, किंचित पुढे झुकलेले, शर्ट नेहमी बाहेर, चपलेला कुठल्या ना कुठल्या शेताची माती. मूळचे वैशाखऱ्याचे, म्हणजे मुरबाडहून माळशेजला जाताना डोंगर अंगावर यायला लागतो तिथले. आठवडाभर किन्हवलीत खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारी गावी जायचे. सरांची बायको ते निवृत्त व्हायच्या दोनएक वर्षं आधी वारली. एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्याला असते. हे आम्हाला माहीत होतं, पण सर त्यावर कधी बोलायचे नाहीत.

माझं म्हणाल तर आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील वीटभट्टीवर. कॉलेजात प्रवेश घ्यायचा म्हणजे कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सरांना विचारलं, आणि सर माझ्याबरोबर शहापूरला आले. येऊन त्यांनी काय केलं, तर कॉलेजच्या आवारात एका झाडाखाली बाकावर बसून शांतपणे डुलकी काढली. मी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत हिंडत होतो. घाबरलो की मागे वळून बघायचो. सर तिथं होते. झोपलेले होते, पण होते. मला तेवढं पुरलं.

पुढे शिकलो, आणि त्याच शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून लागलो. त्या दिवशी पेढे घेऊन सरांच्या खोलीवर गेलो, पाया पडलो. एसटीत बसल्यापासून मनात एक वाक्य जुळवत आलो होतो. ते म्हणालो, "सर, तुमचे आभार कुठल्या शब्दांत मानू..."

पेढा सरांच्या तोंडापाशीच थांबला.

"आभार? माझे?"

"हो सर."

"स्टँडवर कोणी तुझी पिशवी धरली, मान आभार. पोस्टात कोणी पेन दिला, मान. मी काय स्टँडवर भेटलो का तुला?"

"नाही सर."

"मग?" त्यांनी पेढा खाल्ला. थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं, आता पुढचं परवा कळणार. पण ते लगेच म्हणाले, "पेढा चांगला हाय. आणखी एक दे."

झालं. म्हणजे ज्या माणसाचे आभार मानावेत म्हणून माझा ऊर भरून यायचा, त्याच माणसानं माझ्या तोंडाला कुलूप घातलं. पुढे सहकारी म्हणून एकाच शिक्षकखोलीत बसायला लागल्यावर कळलं की हे फक्त माझ्या वाट्याचं नव्हतं. कुणी "थँक्यू सर" म्हटलं की सर दिलेली वस्तू परत घ्यायचे. खडूचा डबा दिला, "थँक्यू" ऐकलं, डबा परत. आमचे क्लार्क तारमळे भाऊ, खर्डीहून येणारे, मुद्दाम छेड काढायचे.

"थँक्यू हं सर, स्टेपलर दिल्याबद्दल."

"आण तो स्टेपलर इकडं. तारमळे, घरी बायकोला म्हणतोस काय रे थँक्यू?"

"म्हणून बघितलं एकदा. तिनं विचारलं, काय लपवताय?"

मग शिक्षकखोली हसायची. एकदा मी विचारलं, "सर, पण मग आपल्या माणसानं आपल्यासाठी काही केलं, तर करायचं काय?"

"आमच्याकडं सावड करतात," सर म्हणाले.

सावड म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या भागात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, पाणी असेपर्यंत उरकावी लागते. एकट्या घराला ती झेपत नाही. मग आज सगळी घरं तुझ्या शेतात वाकतात, उद्या माझ्या, परवा तिसऱ्याच्या. कोणी कुणाला पैसे देत नाही. ज्याचं शेत, त्याच्या घरी जेवण. तू माझ्याकडे दिवस घातलास की मी तुझ्याकडे घालायचा. ही सावड.

हे मला ठाऊक होतं, पण लांबून. आमची वस्ती बौद्धांची, गावाच्या कडेला. आमच्या बायका आवणीला जायच्या त्या मजुरीनं. आमचा स्वतःचा तुकडा लहान, तो आई आणि आम्ही भावंडं मिळून लावायचो. सावड ही मोठ्या शेतवाल्यांची आपापसातली गोष्ट. तीत आम्हाला कोणी धरलं नव्हतं, आणि धरावं असं आम्हीही कधी म्हटलं नव्हतं.

सर निवृत्त झाले ते उन्हाळा तोंडावर असताना. शाळेनं निरोप समारंभ ठेवला. शाल, श्रीफळ, फुलदाणी. आमच्या मुख्याध्यापिका चौधरी मॅडम छान बोलल्या. मीही बोललो, आभार हा शब्द टाळून टाळून घाम फुटला. मग सर माइकपाशी आले.

"या शाळेनं आणि तुम्ही सगळ्यांनी मला..." ते म्हणाले, आणि सभागृहाच्या दाराबाहेर बघायला लागले.

बाहेर उन्हात मैदान पांढरं पडलं होतं. एक कुत्रं सावली शोधत हिंडत होतं. आम्ही वाट बघितली. पंखा फिरत होता. आता कोणी बोलू नये, हे दुपारभर असंच चालू राहावं, असं मला वाटून गेलं. मॅडमनी शेवटी हळूच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तेव्हा सर भानावर आले आणि म्हणाले, "मी एकेकाकडं एक दिवस येतो. सावडीला."

सगळे हसले. सरांचा विनोद म्हणून टाळ्यांची आणखी भर पडली.

पहिला नंबर चौधरी मॅडमचा लागला. त्या शहापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतात. रविवारी सकाळी वॉचमननं खालून फोन केला, "मॅडम, एक म्हातारे आलेत. कामाला आलोय म्हणतात. हातात कोयता आहे."

सावडीला रिकाम्या हातानं जात नाहीत, आपलं अवजार आपण न्यायचं, म्हणून सरांनी कोयता आणला होता, पंच्यात गुंडाळून. मॅडम धावत खाली गेल्या. वर आणून खुर्ची दिली, चहा ठेवला.

"हा चहा पाहुण्याचा का कामावरच्या माणसाचा?" सरांनी विचारलं.

"सर, अहो, कसलं काम? बसा ना."

"पाहुण्याचा असेल तर नको."

काहीतरी काम शोधणं भागच होतं. गच्चीवर त्या दिवशी कुरडया घालायच्या होत्या. मॅडमचे मिस्टर पेपर वाचत होते. त्यांना सर म्हणाले, "उठा. सावडीत घरधनी बसून राहात नाय." ते गृहस्थ एका कंपनीत मॅनेजर आहेत. ते उठले. सरांनी सोऱ्या दाबला, त्यांनी चीक ओतला. मॅडम सांगत होत्या, पहिल्या काही कुरडयांचे आकार पाहून सोसायटीतल्या बायका गोळा झाल्या होत्या. मग सरांना काठी देऊन राखणीला बसवलं. सर काठी मांडीवर घेऊन माहुलीच्या सुळक्यांकडे बघत राहिले आणि कावळ्यांनी एक अख्खी रांग साफ केली.

"नुकसान झालं हो," मॅडम मला म्हणाल्या, "पण आमच्या ह्यांनी घरात असं मिळून काम केलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं."

खर्डीला तारमळे भाऊंच्या घरी पावसाआधी कौलं चाळायची, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायची होती. सर वर चढले. तिथून आगगाडी दिसते, जंगल दिसतं, लांबवर घाट दिसतो. एवढं सगळं दिसत असताना कौलांकडे कोण बघणार?

खालून तारमळे ओरडले, "सर, ओ सर! कौल द्या की!"

"देतो रे. ही गाडी जाऊ दे."

"मग दुसरी येईल!"

"मग ती पण जाऊ दे."

तारमळे शाळेत येऊन म्हणाले, "अर्धा दिवस काम, अर्धा दिवस आभाळ. पण माझी म्हातारी खूश आहे. तिला वाटतं, शाळेतला सर आपल्या घरावर चढला म्हणजे आपण मोठे झालो."

मग एका सकाळी ते आमच्याकडे आले. आई राब भाजायच्या तयारीत होती. ज्या वाफ्यात भाताची रोपं करायची, त्यावर पालापाचोळा, शेण, माती पसरून पेटवतात, तो राब. सर अंगणात उभे राहिले. "जयभीम, ताई. सावडीला आलो."

आईच्या हातातली पाटी खाली गेली.

"कुनाच्या सावडीला, गुरुजी?"

"तुमच्या."

आईनं माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या हातातल्या कोयत्याकडे. "आमच्याकडं सावडीनं कोन येत नाय, गुरुजी," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, चुकून भलत्या दारात आलेल्या माणसाला सांगावं तसं तिनं सांगितलं.

"मी आलो की," सर म्हणाले.

दिवसभर त्यांनी पाला वाहिला. मधे मधे पाटी डोक्यावर घेऊन तसेच उभे राहायचे, कुठंतरी बघत. आई माझ्या कानात म्हणाली, "यांना बरं वाटतंय ना रे?" मी म्हटलं, "ते असेच आहेत." संध्याकाळी राब पेटला. वारा पडला होता. धूर सरळ वर न जाता शेतावरच पसरला, आणि त्या धुरात आई, सर आणि पलीकडची आमची वस्ती हळूहळू पुसट झाली. सर आमच्या पडवीत जेवले. आईनं वाढलं, तिनं जेवढं वाढलं तेवढं त्यांनी संपवलं.

ते गेल्यावर आई बराच वेळ दारात बसून राहिली. मग म्हणाली, "आपल्यावर एक दीस चढला रे त्यांचा."

पावसाळा आला, शाळा सुरू झाली. सरांची खुर्ची रिकामी होती. नवीन आलेला भूगोलाचा शिक्षक वाक्यं पूर्ण करायचा, त्यामुळे पोरं हिरमुसली होती. शेतांत चिखलणी सुरू झाली तशी एका संध्याकाळी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरांचा संदेश आला. "गुरुवारी माझी आवणी आहे."

लगेच सगळ्यांची उत्तरं. हात जोडलेले, गुलाबाची फुलं, नांगराचं चित्र. चौधरी मॅडम, "हार्दिक शुभेच्छा सर." तारमळे भाऊंनी एक मोठं फिरणारं कमळ पाठवलं. कुणीतरी "पुढील वाटचालीस शुभेच्छा" असंही लिहिलं. सरांकडून पुन्हा काही आलं नाही. मीही काय लिहावं याचा विचार करत अंगठा फोनवर धरून बसलो होतो.

"काय रे, कुनाचा फोन?" आईनं विचारलं. मी वाचून दाखवलं. "गुरुवारी माझी आवणी आहे."

आई चुलीपुढून उठली. "मग लिहितोस काय? गुरुवारी रजा काढ."

"रजा?"

"सावड बोलावलीय त्यांनी. ते काय तुमची फेडायला आले व्हते? ते दीस घालून गेले, तुमी जायचं म्हणून. गावात मानूस नसल त्यांच्या. नायतर मास्तर मानूस उन्हातान्हात दारोदार कशाला फिरल?"

मी फोन खाली ठेवला. तिसऱ्या मजल्यावरच्या कुरडया, कौलांवरून बघितलेल्या आगगाड्या, आमचा राब. ज्याला आम्ही सगळे सरांचं निरोप घेणं समजत होतो, ते तर बोलावणं होतं. आणि बोलावण्याला आम्ही फुलं पाठवून मोकळे झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे रजा मागितली. त्यांनी विचारलं, "कारण?" मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तारमळे भाऊंनी डोक्याला हात लावला.

"अरे देवा! मी त्यांना कमळ पाठवलं रे!"

"शाळा बंद ठेवता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तू जा. मी बघते काय करायचं ते."

गुरुवारी पहाटे आईला मागे बसवून मोटारसायकलवरून निघालो. मुरबाड मागे पडलं आणि ढग रस्त्यावर उतरले. कधी समोरचा पूल दिसायचा, कधी फक्त त्याचा कठडा. वैशाखऱ्याला पोचलो तेव्हा उजाडत होतं. मागचा डोंगर दिसत नव्हता, पण त्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज सगळीकडून येत होता, जणू डोंगराऐवजी तो आवाजच तिथं उभा होता.

सर बांधावर एकटे बसले होते. डोक्यावर प्लास्टिकची खोळ. शेत ट्रॅक्टरनं चिखलून ठेवलेलं, उपटलेल्या रोपांच्या मुठी पाण्यात मांडलेल्या. आजूबाजूच्या शेतांतून गवत वाढलेलं. शेतातल्या झोपडीच्या ओट्यावर गावच्या मंडळाकडून आणलेली मोठाली पातेली झाकून ठेवली होती. त्यांत अख्ख्या शाळेला पुरेल एवढा भात आणि आमटी होती. ते सगळं त्यांनी रात्रीपासूनच रांधलं असणार.

आम्हाला बघून ते उठले, आणि पुन्हा बसले. मग पुन्हा उठले.

"रजा टाकलीस?"

"हो सर."

"ताई पण आल्या?"

"दीस लागत व्हता तुमचा," आई म्हणाली. साडीचा काचा मारत तिनं बांधाकडे नजर टाकली. "गुरुजी, गेल्या साली पडीक व्हतं काय?"

"दोन सालं. पोरं सगळी मुरबाडच्या कंपन्यांत. शिफ्ट असते त्यांना. ती होती तवर मी नि ती लावायचो. आता सावडीला बोलवायचं कुणाला?" सर चिखलात उतरले. "म्हटलं, माझी माणसं तर शाळेतच हायत."

आम्ही वाकलो. पाण्यात ढग होते आणि आम्ही ढगांत रोपं खोचत होतो. सर मागे मागे राहायचे. आई मजुरीची सवयीची, तिची ओळ सरसर पुढे जायची. मग ती वळून बघायची.

"गुरुजी, वळ वाकडी चालली. कुठं बघताय?"

"डोंगर दिसायला लागला का बघत होतो."

"तो कुठं जातोय? रोपं लावा."

"लावतो, लावतो," सर म्हणाले. वर्गात आम्ही जसे ओशाळायचो तसे ते ओशाळले. मला हसू फुटलं.

जराशानं रस्त्यावर गाडी थांबली. हाफ पँट घातलेले एक गृहस्थ छत्री सावरत बांधावरून घसरत घसरत आले. चौधरी मॅडमचे मिस्टर.

"मॅडमनी पाठवलं?" मी विचारलं.

"तिनं नाही. ती म्हणाली, रविवारी सगळ्यांना घेऊन जाऊ. मी म्हटलं, यांनी माझ्याबरोबर दिवस घातलाय, मला आजच जायला हवं." त्यांनी चिखलात एक पाय घातला, तो गुडघ्यापर्यंत आत गेला. "आता काय करायचं, सर?"

"आधी दुसरा पाय घाला," सर म्हणाले.

दुपारी पाऊस थोडा थांबला. आम्ही ओट्यावर बसलो. सरांनी वाढलं. आम्ही चौघं आणि पातेली तेवढी. मिस्टरांनी तीनदा भात घेतला तरी काही कमी झाल्यासारखं दिसेना. सर सगळ्यात शेवटी स्वतःचं ताट घेऊन बसले. भाजलेल्या पापडाचा तुकडा मोडत, आमच्याकडे न बघता म्हणाले, "तुमची फिटली आज. ताईंची पण फिटली."

हे चांगलंच होतं. सावड फिटावीच लागते. पण ते बोलले ते निरोप समारंभाच्या दिवशी मैदानाकडे बघत अर्ध्यावर सोडलेल्या त्या वाक्याच्या आवाजात. आभार हा शब्द जिभेवर आला होता. त्या क्षणी तो म्हटला असता तर सगळंच संपलं असतं.

आईनं ताटात हात धुतले. पदराला पुसले.

"मंगळवारी आमची आवणी हाय, गुरुजी," ती म्हणाली.

आयुष्यभर लोकांच्या शेतात रोजानं वाकलेल्या माझ्या आईनं कुणाला तरी आपल्या शेतावर बोलावलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ती हे अगदी सहज बोलली, दरवर्षीचं असल्यासारखं.

सरांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी बाहेर बघितलं नाही. ते आईकडे बघत होते.

"मंगळवारी," ते म्हणाले. "किती वाजता येऊ?"

"उजाडलं की या."

सरांनी ताटातला भात घाईघाईनं संपवला, आणि आम्ही उठायच्या आधीच ते परत चिखलात उतरले.